घरंगळणारे कण

तेलाची विहीर खोदणाऱ्या धाकट्या भावाचा सकाळीच प्रयोगशाळेत फोन आला. “ताई, खोदताना विहिरीत सोडतो त्या चिखलात भेगा बुजवायची तुझी भुकटी कालवली, तरी चिखल खडकात मुरतोच आहे!”

ताई चक्रावली. चाळण्यांवर घेतलेली कणांची मापं तर चोख होती. तिने चिमूटभर भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, शंभरेक कण न्याहाळले आणि तिला हसू फुटलं. सगळे मोहरीसारखे गोल गरगरीत!

“अरे, हे भेगेत अडकतच नाहीत, घरंगळून जातात. यात चपटा अभ्रक मिसळ.”

दुपारी पुन्हा फोन वाजला. “चिखल मुरायचा थांबला बघ, ताई!”

“मग आता दोन घास खाऊन घे,” ती म्हणाली आणि स्वतःही डबा उघडून निवांत बसली.