भर दुपारी उघडलेलं शटर

दक्षिण स्पेनमधल्या आमच्या एसिहा गावात जुलै महिन्यात खिडकीचं शटर सकाळी दहाला खाली येतं आणि रात्री नवाशिवाय वर जात नाही. उन्हाला घरात घेणारा माणूस इथे वेडा ठरतो. हे मलाही कळतं. मी इथलीच आहे. उत्तरेला पावसाळी बिलबाओत नोकरीला गेले म्हणून काही अक्कल गहाण टाकलेली नाही.

पण आई पडून होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून तीन महिने त्या अंधाऱ्या खोलीत. दिवसा घोरायची, रात्रभर हाका मारायची. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "हिला उजेड दाखवा. दिवस-रात्रीचा घोळ असाच राहिला तर ही तुम्हाला ओळखेनाशी होईल." मी पंधरा दिवसांची रजा काढून आले ती एवढ्यासाठीच, आणि त्यातले अकरा दिवस बाबांशी भांडण्यात गेले. मी शटर वर करायची, ते खाली करायचे.

"बाबा, निदान सकाळी तरी!"

"कपाटाचा रंग उडेल."

"कपाट मोठं की आई?"

"तिकडच्या पावसात भिजून तुझं डोकं बुरसटलंय, चेलो."

काल दुपारी तीनला आईने मला विचारलं, "चेलो, उजाडलं का गं?" माझं डोकंच फिरलं. बाबा जेवून बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत डुलकी घेत होते. मी शटरचा पट्टा खेचला, ते खडखडत वर गेलं, खिडकीही सताड उघडली. भट्टीचं दार उघडावं तशी झळ आत आली. आई डोळे किलकिले करून समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिली.

पाच मिनिटांत समोरच्या घरातली एन्कार्ना धावत आली. अंगात काळा झगा, हातात पंखा, गाल ओले. बाबा नुकतेच उठून खोलीच्या दारात आले होते. "सुटली रे बिचारी, कास्तो!" म्हणत ती त्यांच्या गळ्यातच पडली. आमच्या गल्लीत भर दुपारी खिडकी उघडतात ती फक्त घरात कुणी वारलं की, हे मी रागाच्या भरात पार विसरले होते.

"मेले नाही गं मी!" आई पलंगावरून ओरडली. "आणि त्या काळ्या झग्यात तू कोळशाचं पोतं दिसतेस!"

तीन महिन्यांत ती एवढं बोलली नव्हती. एन्कार्ना छातीवर क्रॉस काढत, माफी मागत पळाली.

बाबांनी तरातरा जाऊन पट्टा धरला. "झालं समाधान? जिवंतपणी मारलंस तिला!"

"मारताय तुम्ही! अंधारात कोंडून!" माझा आवाज चढला. "आणि आता कपाटाचं नाव काढू नका. खरं काय ते सांगा."

ते पट्टा धरूनच पुटपुटले, "अंधारात आवाज तिचाच असतो गं. उजेडात बघितलं की नुसती हाडं दिसतात. मला नाही बघवत."

माझा राग तसाच होता, पण तो काढायचा कुणावर?

आईने मात्र सगळं ऐकलं होतं.

"मग डोळे तू मिट, कास्तो," ती म्हणाली. "शटर राहू दे वर."