पाण्याचा परिच्छेद

वादळ येतंय म्हटलं की माणसं एकच प्रश्न विचारतात: कॅटेगरी किती? एक म्हटलं की हसतात, पाच म्हटलं की पळतात, आणि मधल्या आकड्यांवर आमच्याशी हुज्जत घालतात. तो आकडा फक्त वाऱ्याचा असतो. समुद्राचं पाणी किती चढेल, कुणाच्या घरात शिरेल, याच्याशी त्याचा संबंध नसतो. पाणी आमच्या इशाऱ्यात दुसऱ्या परिच्छेदात येतं. बारा वर्षं मी ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्यात हे इशारे लिहिले, आणि माझ्या सख्ख्या भावाने एकदाही दुसरा परिच्छेद वाचला नाही.

भाऊ म्हणजे अजित. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर एका साखर कारखान्यात इंजिनियर, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी त्याची पक्की समजूत. त्याचं घर खाडीला लागून आहे. मागच्या अंगणातून चार पावलं उतरलं की पाणी. आई गेल्यावर बाबा त्याच्याकडे राहायला आले. मेलबर्नची थंडी त्यांना सोसणार नाही असं अजितने ठरवलं, आणि मीही फारसा वाद घातला नाही. बाबांची सगळी नोकरी दाभोळच्या धक्क्यावर, बंदर खात्यात कारकून म्हणून झाली होती. इथे ते खिडकीशी बसून खाडीकडे बघत असत.

आमचं बोलणं वर्षभरापूर्वी बंद पडलं, आणि त्याला कारणही वादळच. तेव्हा मी स्वतः फोन करून, हातापाया पडून अजितला घर सोडायला लावलं होतं. तो बाबांना आणि लीनावहिनीला घेऊन तीनशे किलोमीटर आत, एका मोटेलमध्ये गेला. तिथल्या बाथरूममध्ये बाबा घसरले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. वादळ मात्र किनाऱ्याला लागलंच नाही, समुद्रातच वळून विरून गेलं. वादळं वळतात. आम्ही शक्यता सांगतो, वचन देत नाही. पण अजितने हॉस्पिटलमधून फोन करून मला जे ऐकवलं ते मी विसरणार नाही. "तुझ्या एका फोनने बाबांचा पाय गेला," हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. त्या दिवशी मीही ठरवलं, याने विचारलं तरच सांगायचं, आणि विचारलं तेवढंच सांगायचं.

म्हणून फेब्रुवारीत हेस्टर नावाचं वादळ त्याच्या गावाकडे निघालं तेव्हा मी त्याला फोन केला नाही. त्यानेच केला. मी मेलबर्नच्या टार्निट स्टेशनात प्लॅटफॉर्मवर सकाळच्या शिफ्टला जायला ट्रेनची वाट बघत होते. सव्वासहा वाजले होते, म्हणजे क्वीन्सलँडच्या घड्याळात त्याच्याकडे सव्वापाच.

कशी आहेस वगैरे काही नाही. "कॅटेगरी किती?"

"दोन."

"नक्की?"

"नक्की."

"वाढणार नाही ना?"

"नाही."

त्याने फोन ठेवला. थँक्यूसुद्धा नाही. मला मनातून बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. आदल्या दिवशीच्या इशाऱ्यातला पाण्याचा परिच्छेद मीच लिहिला होता: सखल भागात भरतीच्या वेळी समुद्राचं पाणी नेहमीच्या खुणेच्या बरंच वर जाण्याची शक्यता. त्याने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्याने विचारलं नाही. घे तुझे दोन, म्हटलं, आणि ट्रेनमध्ये चढले.

ऑफिसात सात वाजता पाळी बदलताना आमची प्रमुख डेब हिने नवे आकडे समोर ठेवले. वादळ रेंगाळलं होतं. वारा तेवढाच, दोनच्या आतला, पण ते आता ऐन भरतीच्या वेळेला, तिथल्या बाराच्या सुमाराला किनाऱ्याला लागणार होतं, आणि तेही खाडीच्या तोंडाशी. पाणी वर्षातल्या सगळ्यात मोठ्या भरतीच्या खुणेच्याही पावणेदोन मीटर वर जाईल असा अंदाज होता. त्या गावातून बाहेर पडायला एकच रस्ता, आणि त्यावरचा ठेंगणा पूल दहापर्यंत पाण्याखाली जाणार. अजितच्या घराची जमीन किती उंच आहे हे सांगायला मला नकाशा लागत नव्हता. मी त्याच्या मागच्या पायरीवर बसून खाडीत पाय सोडले होते.

आम्ही नवा इशारा लिहिला. मी पाण्याचं वर घ्या म्हटलं, डेबने ते पहिल्याच ओळीत घेतलं. तिथल्या कौन्सिलने खाडीकाठच्या घरांना मेसेज पाठवले, पोलीस दारं ठोठावत फिरू लागले. सगळं जसं व्हायला हवं तसं होत होतं.

आणि तेवढ्यात माझ्या मोबाइलवर नुपूरचा मेसेज आला. नुपूर इथेच मेलबर्नमध्ये वेरिबीला राहते, आमची मैत्रीण. तिने कुठूनतरी आलेला मजकूर पुढे ढकलला होता: "मित्रांनो, पॅनिक नको. माझी बहीण वेदर ऑफिसमध्ये आहे, आत्ताच बोललो. फक्त कॅटेगरी टू. टीव्हीवाले उगाच घाबरवतात. घरीच थांबा, नो वरीज." खाली नुपूरने विचारलं होतं, हा अजितदादाचाच ना?

त्याचाच होता. खात्याने शंभर पानी इशारा काढला तरी तो सरकारी कागद, आणि बहिणीने ट्रेनची वाट बघत टाकलेला एक शब्द म्हणजे आतली बातमी. आपल्या माणसांचं हे असंच असतं. रेशनपासून व्हिसापर्यंत आपल्याला ओळखीच्याच माणसाकडून खरं कळतं, बाकी सगळं लोकांसाठी असतं.

मी कॉरिडॉरमध्ये जाऊन फोन लावला. तिसऱ्या वेळी त्याने उचलला.

"दादा, बाबांना घेऊन निघ. आत्ताच्या आत्ता."

"सकाळी तर दोन म्हणालीस."

"वारा दोनचाच आहे. पाणी येणार आहे. बाराला भरती आहे, तुझ्या घरात छातीच्या वर पाणी येईल."

"खिडक्यांना प्लायवूड मारलंय मी. एकेका खिडकीला चौदा स्क्रू."

"प्लायवूडने पाणी अडतं का रे?"

"माझ्यावर ओरडू नकोस. पोलीस पण येऊन गेले. मी सांगितलं त्यांना, माय सिस्टर वर्क्स देअर, मेट. बाबांना हलवायचं म्हणजे काय ते तुला माहितेय? वॉकर घेऊन चार पावलं टाकतात ते. मागच्या वेळी तू नव्हतीस हॉस्पिटलमध्ये. मी होतो, रात्रंदिवस. तू तिकडून फोन करतेस आणि आम्ही इकडे भोगतो."

"मागच्या वेळी वादळ वळलं. हे आता वळत नाही."

"तेव्हाही हेच म्हणाली होतीस! हेच, असंच रडक्या आवाजात." तो दम खायला थांबला. "एकच सांग. कॅटेगरी बदलली का?"

कॉरिडॉरच्या भिंतीवरच्या घड्याळात साडेआठ झाले होते. त्याच्याकडे साडेसात. पुलाला अडीच तास होते, आणि बाबांना नुसतं गाडीत बसवायलाच अर्धा तास लागणार होता. मला त्याचा इतका राग आला होता की समोर असता तर थोबाडीत मारली असती. बारा वर्षांत मी एकही आकडा अर्ध्यानेही फुगवला नव्हता.

"बदलली," मी म्हटलं. "चार झाली. अजून जाहीर व्हायचीये."

पलीकडून लांब जाणारा आवाज, "लीना! बाबांची औषधं घे!" आणि फोन कट.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ही गोष्ट कुणाला सांगितलीच नसती. पण अजितला गप्प बसवतं कोण? निघायच्या आधी त्याने नवा मेसेज टाकलाच: चार झालंय, खातं लपवतंय, बहिणीने स्वतः सांगितलं. अर्ध्या तासात तो मराठीतून हिंदीत, हिंदीतून इंग्लिशमध्ये गेला. गावच्या टेकडीवर राहणारी, जिथे पाण्याचा प्रश्नच नव्हता आणि ज्यांना आम्ही घरातच थांबा असं सांगत होतो, ती माणसंही गाड्या काढून त्या एकुलत्या एका रस्त्यावर उतरली. पुलाच्या अलीकडे दोन किलोमीटरची रांग लागली. माझ्या स्क्रीनवर पाणी चढताना दिसत होतं, आणि त्या रांगेत माझे बाबा होते. रांग माझ्यामुळे लागली होती. वहिनीला मेसेज केला, तिने नुसतं "लाइनमध्ये" असं लिहिलं. त्यानंतर पन्नास मिनिटं काही नाही. मी इशारे लिहीत राहिले.

तिथल्या आपत्ती केंद्रातून डेबला फोन आला. कोणीतरी तुमच्या ऑफिसातून चार सांगितलंय, कोण? डेबने फोन खांद्याशी धरून सगळ्यांकडे बघितलं.

"मी," मी म्हटलं. "माझ्या भावाला सांगितलं."

आम्ही दोघींनी मिळून ती अफवा खोडून काढणारा इशारा लिहिला: कॅटेगरी दोनच आहे, धोका पाण्याचा आहे, टेकडीवरच्यांनी घरी जावं. तो प्रसारित झाल्यावर तिने माझं ओळखपत्र मागितलं. "गो होम, सुखदा," ती म्हणाली. आवाजात रागही नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

पोलिसांनी पूल बंद केला तेव्हा अजितची गाडी पलीकडे जाऊन वीस मिनिटं झाली होती. रांगेतल्या शेवटच्या अकरा गाड्या परत फिरवाव्या लागल्या. ती माणसं शाळेच्या वरच्या मजल्यावर राहिली, बाहेर पाणी, आत दोन लहान पोरं आणि एक गरोदर बाई. कुणी मेलं नाही. मेलं असतं तर ते माझ्या माथी होतं, आणि हे मी रोज स्वतःला सांगते.

चौकशी झाली. अजितलाही विचारलं, बहीण चार म्हणाली का? हो, तो म्हणाला, आणि फोनची वेळसुद्धा दाखवली. मी नंतर विचारलं तर म्हणाला, "मग काय खोटं बोलू? तुझ्यासारखं?" मला इशाऱ्यांच्या टेबलावरून उचललं आणि जुन्या पावसाच्या नोंदी तपासायला बसवलं.

एप्रिलमध्ये मी त्यांच्याकडे गेले. भिंतींना नवा रंग द्यायचा होता, जुन्या प्लास्टरवर पाण्याची तपकिरी रेघ अजून तशीच होती. बाबांच्या पलंगाच्या वर. मी पलंगाशी उभी राहिले, ती माझ्या हनुवटीला लागत होती. पलंग नवा होता, पण त्याच कोपऱ्यात.

"बघितलंस?" मी अजितला म्हटलं.

"काय बघायचंय? दोनच निघालं ना शेवटी? पेपरात आलंय, कॅटेगरी टू. इथल्या मराठी मंडळातली माणसं मला तोंडावर हसतात." तो रंगाचा डबा हलवत होता. "पुढच्या वेळी फोन करू नकोस. दोन सांग, पाच सांग, मी हलणार नाही. एकदा फसलो, दोनदा फसलो, बास."

पुढचा मोसम नोव्हेंबरात सुरू होतो. माझ्याकडे त्याला हलवायला जे एकच खोटं होतं, ते मी वापरून टाकलं होतं. मी काहीतरी तिखट बोलणार तेवढ्यात खिडकीशी बसलेले बाबा म्हणाले, "पौर्णिमा होती त्या दिवशी."

आम्ही दोघांनी वळून बघितलं.

"पौर्णिमेचं उधाण, वर समुद्राकडचा वारा, आणि आदल्या दिवसापासून खाडी ओसरतच नव्हती. सकाळी मी अजितला म्हटलंही, आज पाणी येणार. तो म्हणाला, बाबा, तुम्ही गप्प बसा, सुखदा दोन म्हणालीये." बाबांनी वॉकर जवळ ओढला. "मोटेल नको म्हणून मी अडून बसलो असतो असं तुला वाटलं का गं? पाणी येतंय एवढं मला सांगितलं असतंस तर मीच याला उठवलं असतं. चाळीस वर्षं मी दुसरं काय बघितलंय?"

दोन फोन झाले होते त्या सकाळी. पहिल्यात बाबांचं नावही निघालं नव्हतं, दुसऱ्यात आम्ही बाबांवरून भांडलो होतो, कुणी उचलायचं, कुणी भोगायचं. बाबांना फोन दे, एवढं एक वाक्य मला सुचलं नव्हतं.

"तुमचा मोबाइल नंबर द्या बाबा," मी म्हटलं. "यापुढे मी थेट तुम्हालाच करीन."

बाबा अजितकडे बघायला लागले.

"त्यांना वेगळा फोन कशाला?" अजित म्हणाला. "माझा आहे ना."