डाळिंबांची झबली

शिवणाचं दुकान कायमचं बंद केल्यावर वहिनींनी मागच्या अंगणातल्या डाळिंबाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. झाड जुनंच, पण त्याची फळं दरवर्षी कोण खातं याची चौकशी करायला त्यांना कधी सवड झाली नव्हती. यंदा फळं धरली तशी त्यांनी मनाशी ठरवलं, निदान थोडी तरी आपल्या ताटात यायला हवीत.

घरात त्यांच्या सोबतीला थोरली नणंद होती. सगळे त्यांना आक्का म्हणत. इस्पितळाच्या धुलाईखान्यात उभं आयुष्य काढलेल्या आक्कांचा शिस्तीवर फार भरवसा. पाखरांना धाक पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी बांबूला जुना सदरा चढवून बुजगावणं उभं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बुलबुलाची जोडी त्याच्याच खांद्यावर बसून चोची पुसत होती. मग फांद्यांना चकचकीत पत्रे बांधून झाले. त्यांची तिरीप शेजारच्या वायरमनच्या स्वयंपाकघरात नाचू लागली आणि त्याची बायको कपाळाला आठ्या घालून येऊन गेली. पाखरं मात्र ढिम्म.

शेवटी आक्कांनी जाळी आणली. त्या जाळीत एक बुलबुल पायानं अडकला आणि सुटायच्या धडपडीत आणखीच गुरफटला. आक्कांनी त्याला मुठीत धरलं, वहिनींनी बारीक कात्रीनं एकेक दोरा कापला. पाखरू उडून गेल्यावरही आक्का आपल्या तळहाताकडे पाहत उभ्या राहिल्या. मग त्यांनी जाळी गुंडाळून माळ्यावर टाकली.

आता वहिनींची पाळी होती. झाड झाकण्यापेक्षा प्रत्येक फळालाच पिशवी शिवावी, असं त्यांना सुचलं. दुकानातल्या चिंध्यांचं गाठोडं घरात पडूनच होतं. त्यांनी जाड सुती कापडाच्या, मांजरपाटाच्या, मऊ मलमलीच्या पिशव्या शिवल्या आणि तोंडाला नाडी ओवली. झाड असं नटलं की आक्कांना हसू आवरेना. डाळिंबांना झबली घातलीत, बारसं कधी, असं त्यांनी विचारलं.

काही दिवस सगळं आलबेल होतं. मग एका सकाळी एक पिशवी नाहीशी झालेली दिसली. फळ जागच्या जागी, त्यावर साधा ओरखडासुद्धा नाही. नाडी मात्र देठाला तशीच लोंबत होती. दोन दिवसांनी आणखी एक पिशवी गेली, मग आणखी एक.

"फळ सोडून पिशवी नेणारा चोर मी तरी पाहिला नाही," आक्का म्हणाल्या.

त्यांचा संशय वायरमनच्या बायकोवर होता. पत्र्यांचा राग अजून गेला नसणार, असा त्यांचा हिशेब. पण वहिनी खाली वाकून देठाला लोंबणारी नाडी निरखत होत्या. नाडीशी उरलेली कापडाची कड कात्रीनं कापलेली नव्हती, फाडलेलीही नव्हती. ती बारीक दातांनी कुरतडल्यासारखी दिसत होती. शिवाय गेल्या होत्या त्या सगळ्या मलमलीच्या. जाड कापडाला कुणी शिवलंही नव्हतं.

"आक्का, चोराला कापडातलं कळतं," वहिनी म्हणाल्या.

या एका वाक्यानं आक्कांची झोप उडाली म्हणायला हरकत नाही. रोज दुपारी आडवं होणाऱ्या आक्का आता स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून डोळ्यांत तेल घालून बसू लागल्या. वहिनी शेजारी बसून भाजी निवडत. इतक्या वर्षांत दोघी एका जागी एवढा वेळ कधी बसल्या नव्हत्या. बोलणं मात्र कुजबुजत, चोराला ऐकू जाऊ नये म्हणून.

चोर आला तो भिंतीवरून, झुपकेदार शेपटी उडवत. ती एक खार होती. तिनं जाड पिशवी हुंगली आणि सोडली. मग मलमलीच्या पिशवीपाशी जाऊन पुढच्या दोन पायांनी कापड धरलं, कुरतडून सोडवलं, त्याची गुंडाळी करून तोंडात कोंबली आणि गाल फुगवून वायरमनच्या भिंतीपलीकडे दिसेनाशी झाली. आक्का तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या. ती कापड दुमडते कशी, ते पुन्हा बघायला हवं, एवढंच त्या म्हणाल्या.

भिंतीपलीकडे काय आहे ते त्याच संध्याकाळी कळलं. वायरमन स्वतःच दारात आला. अंगणातला दिवा लुकलुकतो म्हणून त्यानं भिंतीवरचा तारांचा पत्र्याचा डबा उघडला, तर आत कापडच कापड. तुमच्या झाडाचं दिसतंय, असं म्हणून तो दोघींना घेऊन गेला. आक्कांनी वाटेत त्याच्या बायकोकडे पाहायचं टाळलं.

डब्यात घरटं होतं. बाहेरून काथ्या, सुतळी, वाळकं गवत, आणि आत सगळीकडून मलमल, थरावर थर दाबून बसवलेली. मधोमध बोटाएवढी, डोळे मिटलेली गुलाबी पिल्लं.

वहिनींनी वाकून मलमलीचे थर निरखले.

"अस्तर लावलंय," त्या हळूच म्हणाल्या. "रखरखीत बाजू बाहेर, मऊ बाजू अंगाला. हे मला शिकायला वर्ष लागलं होतं."

"मग तिला कुणी शिकवलं?" आक्कांनी विचारलं.

तारेला कापड म्हणजे आगीला आमंत्रण. वायरमननं त्या डब्याचा वीजपुरवठा तोडला, झाकण अर्धवट लावलं आणि पिल्लं जाईपर्यंत अंगण अंधारात राहील असं बायकोला सांगितलं. ती दिवसातून दोनदा डोकावून जाऊ लागली आणि तिथली खबर भिंतीवरून आक्कांना देऊ लागली.

वहिनींनी मलमलीच्या उरलेल्या पिशव्या काढून सगळ्या फळांना मांजरपाट चढवला. मलमलीच्या पट्ट्या त्यांनी भिंतीवर टांगल्या. त्यांतल्या काही गेल्या, काही तशाच राहिल्या. डाळिंबं वाचली. एक पिशवी पोपटांनी फाडली, त्यावर आक्कांनी फारसा आरडाओरडा केला नाही. पहिलं फळ वायरमनकडे गेलं. दुसरं दोघींनी पायरीवर बसून फोडलं.

दाणे सोलता सोलताच आक्कांनी वहिनींचा दंड दाबला. भिंतीवरून खार चालली होती. तोंडात पिल्लू, तिच्या मानेभोवती लपेटलेलं. झाकण उघडल्यापासून तिला ती जागा धड वाटली नसावी. ती पिल्लू घेऊन पलीकडच्या जुन्या गोदामाच्या छपराकडे गेली, रिकाम्या तोंडानं परतली, आणि पुन्हा निघाली.

"कुठं नेते गं?" आक्कांनी विचारलं.

दोघींनी ताट तिथंच पायरीवर ठेवलं, चपला घातल्या आणि गोदामाच्या बाजूला काय आहे ते बघायला निघाल्या.