आकर्षण क्रमांक चार

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पर्यटन खात्याने एक पाटी लावली आहे. तिच्यावर चार बाण आहेत. पहिला मिठाच्या मैदानाकडे, दुसरा एका वाळलेल्या झाडाकडे, तिसरा खडकाकडे. हा खडक म्हणे बसलेल्या बाईसारखा दिसतो. अशी बसणारी बाई मी तरी जन्मात पाहिलेली नाही. चौथा बाण माझ्या घराकडे आहे. त्याच्यापुढे लिहिलंय, 'पाण्याची पायवाट, सकाळी सात ते नऊ.' ती पायवाट म्हणजे मी.

आता खरं सांगते. एकोणीस वर्षं मी पाणी हातगाडीवरून आणलं. टाकी गावाबाहेर, तिथून आमचं घर नऊशे पावलं. टाकीला पाणी सुटतं सातला आणि बंद होतं नऊला. चार प्लास्टिकचे कॅन गाडीवर टाकायचे, ढकलत आणायचे, दोन खेपांत काम उरकलं. डोक्यावर हंडा मी कधी घेतला नव्हता. सासूबाईंनीसुद्धा नाही. त्यांच्या काळी गाढव होतं.

मग पर्यटनवाले साहेब आले. माणूस वाईट नाही हो. ओरडत नाही, रागावत नाही, फक्त ऐकत नाही.

"ताई, फोटोत प्लास्टिक फार वाईट दिसतं," ते म्हणाले. "डोक्यावर हंडा कसा शोभून दिसतो!"

"शोभा तुमची, साहेब. मान माझी."

साहेबांनी हसून ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. पाहुण्यांना असं बोलणं आवडतं म्हणे.

डोक्यावर हंडा कसा घ्यायचा ते शिकवायला त्यांनी शहरातून एक बाई आणली. आमची म्हणे जुनी चाल, ती आम्हालाच शिकवायला! तीन दिवस गल्लीतल्या आम्ही सात जणी रिकामे हंडे डोक्यावर घेऊन येरझारा घालत होतो. सासूबाई ओट्यावर बसून हसून हसून बेजार झाल्या. माझी हातगाडी साहेबांनी मागून नेली, तिला निळा रंग दिला आणि त्यांच्या कार्यालयाच्या दारात सिमेंटमध्ये पक्की बसवली. तिच्यात आता फुलं आहेत. प्लास्टिकची. ती मात्र फोटोत चालतात.

तुम्ही म्हणाल, ही बाई नाही का म्हणाली नाही? आमच्या ह्यांची जीप पाहुण्यांना फिरवायला खात्याने लावून घेतली होती, म्हणून हो म्हणाले. घर त्या जीपवर चालत होतं.

"दोन तासांचा तर प्रश्न आहे," हे म्हणाले.

"मग तुम्ही घ्या ना डोक्यावर."

"मला बघायला कोण येणार?"

मी जुन्या लुगड्याची चुंबळ वळायला घेतली.

एवढंही मी सोसलं असतं. पण त्याच वर्षी गावात नळाचं काम आलं. गल्ली खणली, पाइप टाकला. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून पाइपाचं वीतभर टोक आत आलं, त्याला बूच लावलं. मी त्या दिवशी त्या टोकाकडे किती वेळ बघत बसले होते, सांगायला लाज वाटते. दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन मी स्वतः पितळी नळ आणला. फडक्यात गुंडाळून त्या टोकाशेजारीच खिळ्याला अडकवून ठेवला. मला दुसरं काही नको होतं. दागिना नको, साडी नको. तेवढा नळ भिंतीला लागलेला पाहायचा होता.

आणि काम थांबलं. चौकशी केली तर कळलं, साहेबांनी अर्ज दिला होता की हंगाम संपेपर्यंत पाणी सोडू नये.

मी तणतणत त्यांच्या कार्यालयात गेले. माझ्याच गाडीला वळसा घालून आत जावं लागलं.

"ताई, घरोघरी नळ आले तर चालणार कोण?" साहेब मऊ आवाजात म्हणाले. "लोक किती लांबून येतात. आपल्याकडे आहे काय दाखवायला? मीठ, झाड आणि खडक. त्यांच्यात तुम्ही एकट्याच हलता."

पुढच्या महिन्यात माझी मान धरली. डॉक्टरांनी बजावलं, डोक्यावर आता रुमालसुद्धा ठेवू नका. मी म्हटलं, साहेबांना सांगा. ते म्हणाले, मी मानेचा डॉक्टर आहे.

दुसऱ्या दिवशी सात वाजता टाकीवर उभी होते. हंडा भरलेला, मान लाकडासारखी ताठ, आणि समोर कॅमेरे लावून बारा पाहुणे. त्यांत एक उंच, चष्मेवाल्या बाई होत्या. त्या हळहळून म्हणाल्या, "किती जड असेल हो!"

माझं डोकंच फिरलं. "बघा की उचलून!" म्हणाले आणि चुंबळ त्यांच्या डोक्यावर ठेवून वर हंडा दिला चढवून.

बाई लटपटल्या. मग चालायला लागल्या. नऊशे पावलं चालल्या, तीनदा थांबल्या, अर्धं पाणी अंगावर सांडलं, पण उरलेलं माझ्या पिंपात आणून ओतलं. मग माझे दोन्ही हात धरून रडल्या. म्हणाल्या, आयुष्यात इतकं खरं काही केलं नव्हतं. मी म्हटलं, उद्या परत या.

आल्या ना! बरोबर आणखी चौघांना घेऊन आल्या.

साहेब तर हरखूनच गेले. आठवड्यात पाटीवर नवी ओळ आली, 'स्वतः पाणी वाहण्याचा अनुभव घ्या.' पाहुण्यांची रांग लागायला लागली. पहिल्यांदा पिंप भरलं, मग घागरी, पातेली, बादल्या, सासूबाईंचा तांब्यासुद्धा. गल्लीत एक भांडं कोरडं राहिलं नाही. मी दारात खुर्ची टाकून बसायची. "अहो निळा शर्ट, सांडू नका! तुम्ही दाढीवाले, तिकडे शेजारच्या घरी ओता!" शहरातले मोठमोठे लोक मुकाट्याने ऐकायचे. एकोणीस वर्षांचा शीण निघाला माझा. मान बरी झाली आणि थोडी जास्तच ताठ झाली, हे आता कळतंय.

अशाच एका सकाळी नळखात्याचा इंजिनिअर आला. धुळीने माखलेला तरुण माणूस, हातात कागद. दारात अकरा पाहुणे, शेजारणी ओट्यावर, आणि मी माझ्या खुर्चीत.

"बाई, वरून आदेश आलाय," तो म्हणाला. "आता कुणाच्या अर्जावरून काम अडवायचं नाही. ज्या घरात पाण्याचा त्रास आहे, तिथे या आठवड्यात पाणी सोडतोय. पाइप थोडे आहेत, गावं जास्त आहेत, म्हणून घरोघर विचारतोय. तुम्हाला पाण्याचा त्रास आहे का?"

आतून सासूबाई ओरडल्या, "अगं, नळाचं सांग त्याला!"

"थांबा हो जरा," मी म्हणाले. सगळे माझ्याकडे बघत होते. चष्मेवाल्या बाईंनी तर फोन समोर धरला होता. आणि माझ्या जिभेला काय झालं कोण जाणे.

"त्रास?" मी म्हणाले. "आम्हाला कसला त्रास! बघताय ना? हात लावावा लागत नाही. शहरातून माणसं येतात माझं पाणी भरायला!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनिअरने पिंप पाहिलं, घागरी पाहिल्या, कागदावर खूण केली. "इथे सही करा." मी केली. पुरं नाव, खाली रेघ मारून.

आठवडाभराने प्लंबर आला. मला वाटलं, नळ लावायला. मी फडकं सोडून नळ पदराने पुसायला घेतला. त्याने भिंतीतलं टोक पकडीने पिळून काढलं आणि पिशवीत टाकलं.

"अहो, हे काय करताय?"

"हा पाइप पुढच्या गावाला जाणार. इथे त्रास नाही, असं लिहिलंय." त्याने कागद दाखवला. "ही सही तुमचीच ना?"

माझीच होती. खाली रेघ मारलेली.

साहेबांना शिव्या देता आल्या असत्या तर किती बरं वाटलं असतं! पण त्यांनी या खेपेला काहीच केलं नव्हतं. माझ्याच हाताने मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला, तोही लोकांना दाखवून. त्या रात्री मी जेवले नाही. ह्यांनी माझं ताट झाकून ठेवलं, आणि मला तेच जास्त लागलं.

मग उन्हाळा चढला. पाहुणे कमी झाले, मग येईनासे झाले. मीठ डोळ्यांत खुपायला लागलं की कुणी इकडे फिरकत नाही. जीप दारात उभी राहिली. तिच्यात पाणी आणावं तर डिझेल कुठलं? चौथ्या दिवशी पिंपाचा तळ दिसला. हातगाडी सिमेंटमध्ये, कॅन साहेबांनी कधीच भंगारात दिलेले. उरला हंडा.

सकाळी सातला मी चुंबळ डोक्यावर ठेवली. हेही एक बादली घेऊन निघाले, पाटीजवळ आल्यावर इकडेतिकडे बघत. बघायला कोणी नव्हतं. सहा खेपा झाल्या; पाच घागरी-बादल्यांत ओतल्या, सहावी डोक्यावर होती. मान पुन्हा धरली.

घरी आले तर सासूबाई पिंपापाशी बसलेल्या. त्यांनी शेजारणीकडून कानस आणि चिंधी मागवली होती. पिंपाला खाली भोक पाडून, चिंधी गुंडाळून, माझा पितळी नळ त्यात घट्ट बसवला होता.

"हे काय हो, आई?"

"ओत वरून," त्या म्हणाल्या.

मी हंडा पिंपात रिकामा केला. त्यांनी माझा हात धरून नळावर ठेवला. मी नळ फिरवला. पाणी आलं, बारीक, पण सरळ, आवाज करत. मी खाली बसले आणि रडले, आणि मध्येच हसू आलं. सासूबाई मानेला तेल लावत राहिल्या.

काल इंजिनिअर रस्त्यात भेटला. "काय बाई, घरात पाणी ठीक ना?" त्याने विचारलं.

"आता तर नळही लागलाय," मी म्हणाले आणि पुढची खेप आणायला टाकीकडे वळले.