शेवटच्या बोटीची भांडी

मनोरीला शांताबाईंच्या माडांच्या वाडीत मे महिन्यापुरते पाच तंबू लागतात. मुलांना सुट्टी असते, आम्हाला नसते. म्हणून आम्ही मोठी माणसं सकाळी बोटीने मार्वेला उतरतो, तिथून मालाड, बोरिवली, अंधेरी असे आपापल्या कामाला जातो आणि संध्याकाळी परततो. दिवसभर मुलांकडे शांताबाई बघतात. जेवण सगळ्यांचं एकत्र. नियम एवढाच, की संध्याकाळी जो पहिल्या बोटीने येईल त्याने भात लावायचा आणि जो शेवटच्या बोटीने येईल त्याने भांडी घासायची.

माझा नवरा सुशांत लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर आहे. तो बहुतेक शेवटच्या बोटीने येतो.

त्या गुरुवारी त्याच्याबरोबर माझ्या सासूबाई, सुंदराबाईही उतरल्या. त्या निधीला न्यायला आल्या होत्या. निधी आमची मुलगी, सात वर्षांची. दर मे महिन्यात ती आजीबरोबर कुडाळला गावच्या घरी जाते; एरवी सासूबाईही मुंबईतच असतात. गेल्या वर्षी परतली तेव्हा तिचा पुढचा दात पडलेला होता. यंदा तिने इथेच राहावं असं मला वाटत होतं, पण सासूबाईंना सांगायचं धाडस झालं नव्हतं. शनिवारच्या गाडीची तिकिटं त्यांच्या पिशवीत होती.

जेवणं झाल्यावर शेजारच्या तंबूतला किरण ओरडला, "चला भांडीवाले, टोप वाट बघतोय!"

सुशांत विहिरीजवळ जाऊन बसला. सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"माझ्या झिलाक भांडी घासूक लावलात?"

"नियम आहे, आई."

"आजी, तुम्ही पण शेवटच्याच बोटीने आलात ना?" किरण म्हणाला.

"गप रे!" त्याच्या बायकोने, मनालीने त्याला दटावलं.

सासूबाई विहिरीकडे गेल्या आणि सुशांतच्या मागे उभ्या राहिल्या. आता त्याला उठवणार, असं मला वाटलं.

"टोप असो घासतत?" त्या म्हणाल्या. "बूड बघ, काळाच आसा. सोडण हाड थंयसून."

सुशांतने माडाखालून नारळाचं सोडण आणलं. "आये, तू बस गो. दमलीस."

"बाजूक हो."

दोघं मिळून घासू लागले. मी विसळायला बसले, निधी चमचे पुसत होती. हात कामात असले की बोलणं सोपं जातं.

"आई, यंदा निधीला इथेच राहू द्या ना."

त्यांचा हात थांबला नाही. "मगे थंय मी एकटी काय करू? तिच्यासाठीच तर जातंय."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. आमची अडचण म्हणून त्या तिला नेतात, असंच मी धरून चालले होते.

"मग तुम्हीही राहा."

"ह्या कापडाच्या घरात?"

मनाली ताटं घेऊन आली होती. "राहा ना आजी. उद्या संध्याकाळी पहिल्या बोटीला आमच्यातलं कोणीच नाही. भाताची वाट लागणार."

सासूबाईंनी टोप उपडा घातला आणि बूड निरखून पाहिलं.

"आठ दिवस रवतंय," त्या म्हणाल्या. "तिकिटां पुढची काढ रे, सुशांत. मगे बघू."

मला महिना हवा होता. पण आठ दिवसांनीही मी खूश होते.

"तांदूळ कोणतो?" त्यांनी मनालीला विचारलं.

"कोलम."

"उकडो नाय?" सासूबाईंनी तोंड वाकडं केलं.

"उद्या येताना आणते ना."

"तू तर उशिरा येतलंस. रवांदे, उद्या ह्योच लावतंय."