गूळ सोडून सगळं

"ब्रायन, हे काय आहे?" मी विचारलं.

"नूडल्स, अंकल."

"ते मलाही दिसतंय, चष्मा लावलाय मी. तांदळाच्या शेजारी काय करतायत?"

कॉलेजातलं पोर ते, रविवारी मदतीला यायचं. मी नूडल्सची पाकिटं उचलून खालच्या क्रेटमध्ये टाकली. खालचं क्रेट म्हणजे नालायक मालाचं. बिस्किटं, फरसाण, कुरमुरे, सॉसच्या बाटल्या, कुणाच्या तरी दुबईच्या मावशीने आणलेलं ऑलिव्ह, सगळं तिथे जायचं आणि तिथून रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांकडे. मुलं खूश, मी मोकळा.

आमच्या चर्चच्या हॉलला लागून एक खोली आहे. पूर्वी सणाला तिच्या खिडकीतून सामोसे विकायचे. आता तिथे अन्नपेटीचं सामान असतं. लोक मिस्सेला, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेला, येताना घरून काहीबाही आणतात, दारातल्या लाकडी पेटीत टाकतात, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यातून पिशव्या भरून गरजू घरांना दिल्या जातात. कुणाला द्यायचं ते पॉल फादर ठरवतात. काय द्यायचं ते मी ठरवायचो. गोखिवऱ्याच्या एका पंपाच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. काय कामाचं आणि काय बिनकामाचं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. निदान मला तसं वाटायचं.

आणि लोक तरी काय काय टाकतात हो! अर्धी वापरलेली हळद, मुदत उलटून वर्ष झालेलं सूप, डाएटचा चिवडा. एका महाभागाने चीज वितळवायचा फोंड्यूचा सेट टाकला होता. घरातली अडगळ काढायची आणि वर पुण्य पदरात पाडून घ्यायचं. मी चार महिने भांडून हॉलच्या दाराशी फळा लावला: तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, गूळ, साबण. बाकी काही आणू नये. तीन किलो तांदूळ, एक किलो डाळ, एक लिटर तेल, मिठाचा पुडा, अर्धा किलो गूळ, कपड्याचा साबण. प्रत्येक पिशवी सारखी, तोंडाला सुतळी आणि सुतळीला माझी गाठ. ती गाठ ओढली की सुटते, नाही ओढली तर बैल लावला तरी सुटत नाही. कारखान्यात शिकलेली.

फादर एकदा म्हणाले होते, ऑगस्टीन, अधूनमधून या लोकांच्या घरी जाऊन येत जा. मी म्हटलं, फादर, स्टोअरवाल्याने खिडकीच्या बाहेर यायचं नसतं. बाहेर आला की ओळखीपाळखी होतात, मग एकाला जास्त, एकाला कमी. ते हसले आणि विषय सोडला. त्यांनी तो सोडायला नको होता.

तर तो डिसेंबरचा पहिला रविवार. ब्रायनवर तोंडसुख घेऊन झालं आणि खिडकीत क्लेमेंटीनबाय येऊन उभी राहिली.

क्लेमेंटीनबाय कोण, हे पाचूबंदरपासून अर्ध्या वसईत कुणालाही विचारा. चाळीस वर्षं तिने लग्नाचे मांडव जेवू घातले. डुकराच्या मटणाचं इंद्याल तिचंच, आणि फुगे तर तिच्याशिवाय कुणी तळायचेच नाहीत. भिजवलेलं पीठ मुठीत घ्यायची, मूठ आवळायची, अंगठ्याच्या वरून गोळा निघायचा आणि टपकन तेलात. एका मिनिटाला चाळीस. माझ्या लग्नात मी नवरदेव असून तिच्या चुलीपाशी जाऊन उभा राहिलो होतो आणि तिने झाऱ्याने मला हाकललं होतं. मग तिच्या डिलनने घर विकलं, परदेश गाठला आणि आईला आचोळ्यात एका चाळीत खोली घेऊन दिली. खोलीचं भाडं तो पाठवायचा. त्यापलीकडे काही पाठवायचा की नाही, ते तिने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फादरच्या यादीत तिचं नाव आलं तेव्हा मला वाईट वाटलं. पण एक मनात आलं, की माझ्या तांदळाचं सोनं होईल ते हिच्याच घरी.

त्या दिवशी मी पिशवी पुढे सरकवली. तिने ती उचलली नाही. नजर खालच्या क्रेटवर.

"ऑगस्टीन, ते बिस्कीटचे पुडे हायेत ना," ती हळूच म्हणाली, "त्यातले दोन दे ना. हा तांदूळ ऱ्हाव दे हवा तर."

मला हसूच आलं. मागे रांगेत पाच-सहा जणं होती, त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "क्लेमेंटीनबाय, ज्या हातानं अर्ध्या गावाची लग्नं जेवू घातली, त्या हातानं बिस्किटं मागतेस? जा, घरी जा, मस्त पेज कर, डाळीला फोडणी दे. बिस्किटं पोराबाळांना."

रांगेतले हसले. तीही हसली. मी तिचं कौतुकच केलं होतं, असंच मला वाटत होतं, आजही शपथेवर सांगेन. तिने हात पदराखाली घेतला, म्हणाली, "तेपन खरंच," आणि दुसऱ्या हाताचं कोपर पुढे केलं. पिशवीचा बंद मी कोपरात अडकवला. ती पिशवी नेहमी कोपरातच अडकवून न्यायची. मला वाटायचं, बायकांची सवय. एकतीस वर्षं मी लोकांच्या हातात माल दिला, आणि कोण कसा उचलतो याकडे एकदा नीट पाहिलं नाही.

त्यानंतर ती जानेवारीत आली, फेब्रुवारीत आली, मार्चमध्ये आली. पिशवी घ्यायची, हॉलच्या बाकावर जरा बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांची चौकशी करायची. वाळत चालली होती, ते दिसत होतं. मी म्हटलं, वय झालं. मार्चमध्ये ईस्टरच्या आधीचा उपासकाळ सुरू झाला होता, तर मी थट्टेने विचारलं, काय गं, चाळीस दिवस कडक उपास धरलायस वाटतं? ती म्हणाली, हां, धरलाय. एवढंच बोलली आणि उठली. बिस्किटं पुन्हा मागितली नाहीत.

त्या महिन्यातल्या तिसऱ्या बुधवारी फादरचा फोन आला. क्लेमेंटीन न्हाणीत पडली, दवाखान्यात नेली, दोन दिवसांत गेली. डिलन मातीला येऊ शकला नाही. मातीला गर्दी मात्र चांगली झाली. जो तो तिच्या इंद्यालबद्दल बोलत होता. मीही बोललो.

आठवड्याने फादरने मला आचोळ्याला पाठवलं. चाळमालकाला खोली रिकामी हवी होती आणि डिलनने चर्चला कळवलं होतं की सामान गरिबांना द्या. सोबत ब्रायन आणि त्याची बहीण स्टेफी. अशा रीतीने स्टोअरवाला पहिल्यांदा खिडकीच्या बाहेर पडला.

चाळमालकाची सून रचना कडेवर तान्हं मूल घेऊन दार उघडायला आली. खोली दहा बाय दहाची. खाट, वेदीवर माऊलीची तसबीर, भिंतीला एक पत्र्याचं कपाट. ओट्यावर काहीच नव्हतं. फक्त शेगडी जिथे असते तिथे चौकोनी, उजळ डाग. मी विचारलं, शेगडी कुठाय?

रचनाने सांगितलं ते असं. क्लेमेंटीनच्या हातांची बोटं दीड-दोन वर्षांपासून वाकडी होत चालली होती, मूठ मिटत नव्हती. लायटर दाबता येईना, कुकरचं झाकण लागेना. दिवाळीच्या सुमारास काडीने गॅस पेटवायला गेली आणि साडीने पेट घेतला. रचनाने धावत जाऊन विझवलं, म्हणून वाचली. मग तिच्या सासऱ्यांनीच शेगडी आणि सिलिंडर उचलून नेला. चाळीत बारा बिऱ्हाडं, कोण धोका पत्करणार? चूक नव्हतं त्यांचं.

"मी देत होते चपाती-भाजी," रचना म्हणाली. "पण मग माझी डिलिव्हरी आली, मी माहेरी गेले तीन महिने. मी जाताना विचारलं होतं हो, आजी, जेवणाचं काय? तर म्हणाल्या, काळजी नको करू, आमच्या चर्चमधून सगळं येतं. पिशवी घेऊन येताना पण बघितलं होतं आम्ही. आम्हाला काय माहीत?"

स्टेफीने खाटेखालची चादर वर केली आणि म्हणाली, "अंकल."

खाटेखाली माझ्या पिशव्या होत्या. पाच. नोव्हेंबर ते मार्च, भिंतीला टेकवून ओळीने उभ्या. स्टोअरमध्ये मी ठेवीन तशा.

मी खाली बसलो. गुडघे दुखतात माझे, पण बसलो. पहिली पिशवी ओढली तर गाठ माझी नव्हती. सुतळीला नुसता पीळ देऊन, टोक आत खोचलं होतं. दुसरीचंही तसंच. म्हणजे प्रत्येक पिशवी तिने उघडली होती. माझी गाठ त्या बोटांना सुटली कशी असेल? दातांनी सोडली असेल. सुतळीची टोकं चावलेली होती.

आत तांदूळ होता, डाळ होती. तेल, मीठ, साबण, सगळं होतं. पाचही पिशव्या ब्रायनने खोलीच्या मधोमध रिकाम्या केल्या आणि मी सवयीने मोजत गेलो. पंधरा किलो तांदूळ, पाच किलो डाळ, पाच लिटर तेल, मिठाचे पाच पुडे, पाच साबण. गूळ नव्हता. एकाही पिशवीत गूळ नव्हता. खाटेखाली कोपऱ्यात गुळाचे कागद होते, पाच, चाटूनपुसून स्वच्छ केलेले आणि नीट घड्या घालून ठेवलेले.

मी पाठवलेल्या सामानातलं चुलीशिवाय खाता येण्यासारखं तेवढंच होतं. चाळीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे, तिथे चहात पाव बुडवून खायची, असं शेजारचा कुणी म्हणाला. रोज नाही, कधीकधी. दवाखान्यात डॉक्टरांनी रचनाच्या नवऱ्याला सांगितलं होतं, अंगात काही नव्हतंच. आणि माझ्या खिडकीखाली दर महिन्याला बिस्किटांचं क्रेट भरून जात होतं, तिच्या पायापासून हातभर अंतरावर.

मग ती दर महिन्याला एवढं ओझं उचलून का आणायची? मी खूप विचार केलाय यावर. गुळासाठी. बाकावर घटकाभर बसायला मिळायचं त्यासाठी. आणि नाही आली असती तर मी विचारलं असतं का आली नाहीस, आणि मग तिला सांगावं लागलं असतं की मूठ मिटत नाही. ते तिने एकदा सांगायचा प्रयत्न केला होता, भर रांगेत, बिस्किटं मागून. त्यावर मी काय म्हणालो ते वर लिहिलंय. पुन्हा लिहायची हिंमत नाही.

सामान हॉलवर आणलं. फादर म्हणाले, बाजूला ठेव, नंतर बघू. पण मी बघितलं. त्याशिवाय मला दुसरं येतं काय? नोव्हेंबर-डिसेंबरच्या तांदळाला पोरकिडे झाले होते, तो कोंबड्यांना दिला. बाकीचा पाखडला. डाळीची मुदत ऑगस्टपर्यंत होती. तेल सीलबंद. मुदतीतला माल टाकायचा नसतो. मी तीन पिशव्या पुन्हा भरल्या. गूळ टाकायला हात गेला नाही. डब्यात ढेपा होत्या, पण गेला नाही. घरी येऊन जेवायला बसलो तर बायको ओरडली, पानात वाढलेलं तसंच का ठेवलंत म्हणून. रात्रीचं तेच, सकाळचं तेच.

फादरकडे कबुली दिली. ते म्हणाले, ऑगस्टीन, तू जाणूनबुजून केलं नाहीस. तेच तर, फादर, मी म्हणालो. जाणून घेतलंच नाही.

एप्रिलचा पहिला रविवार आला. ब्रायनने मला न विचारता फळ्यावर साबणाच्या खाली बिस्किटं लिहिलं होतं. मी पुसलं नाही. खिडकीत एक म्हातारा आला, नायगावकडचा, एकटाच राहणारा. मी त्याच्या बोटांकडे पाहिलं आणि विचारलं, बाबा, घरी शेगडी आहे ना? जेवण कोण करतं? त्याला राग आला. म्हणाला, द्यायचं असेल तर द्या, चौकशा कशाला? मी पिशवीवर बिस्किटांचे दोन पुडे ठेवले. ते त्याने परत सरकवले. मला साखर आहे, म्हणाला, त्याऐवजी तांदूळ घाला. मी तांदूळ घातला. बरोबर केलं की चूक, मला कळलं नाही. यापुढे कळेल असंही वाटत नाही.

त्याच्या मागे शर्लिन होती, गोखिवऱ्याची. नवरा अंथरुणावर, तीन पोरं. तिच्या वाट्याला मी पुन्हा भरलेल्या त्या तीन पिशव्यांतली एक आली. मी ती मुद्दाम दिली नाही, रांगेने आली. तिने तिथेच तोंड उघडून आत पाहिलं. पोरांच्या आया पाहतातच.

"अंकल, यात गूळ नाय."

"खाल्ला," मी म्हणालो.

"कोनी?"

"क्लेमेंटीननं."

शर्लिन माझ्याकडे बघत राहिली. तिच्याही लग्नातले फुगे क्लेमेंटीनबायनेच तळले होते. तिला वाटलं असेल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. ब्रायनने पटकन डब्यातून गुळाची ढेप काढून तिच्या पिशवीत टाकली. तिने पिशवीचे बंद मुठीत घट्ट धरले आणि ती बाजूला झाली. मागच्या बाईने खिडकीत हात पुढे केला.