एका फोन नंबरासाठी अख्खी मुलगी

"फक्त फोन नंबर बदलायचा असेल, तर अख्खी मुलगी पुन्हा का पाठवायची?"

हा प्रश्न शाळेच्या भरल्या सभागृहात विचारायची पैज माझ्या वर्गातल्या हान-यिंगनं लावली होती. मंचावर माझे बाबा होते, म्हणून तर पैजेला चव. आमच्या शिनचू शहरात ढेकूळ फेकलं तर इंजिनिअर बापालाच लागेल, पण नववीच्या मुलांची पुढच्या शाळेची पसंती गोळा करणारी ही थोर यंत्रणा माझ्याच बापाच्या कंपनीनं बांधलेली. कंपनीचं निळं जाकीट घालून ते पालकांना ती समजावत होते.

गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे. त्या दुपारी मी माइक हातात घेतला आणि विचारून टाकलं. सभागृह हसलं. बाबा हसले नाहीत.

"चांगला प्रश्न आहे," ते म्हणाले. प्रश्न आवडला नाही की ते असंच म्हणतात. "विद्यार्थ्याचं नाव, पत्ता, गुण, पसंती, सगळं एकाच एक्सएमएल दस्तऐवजात असतं. प्रत्येक माहितीला तिच्या नावाची पाटी. काहीही बदला, अख्खा दस्तऐवज वेब सेवेतून शिक्षण मंडळाकडे जातो आणि जुन्याच्या जागी बसतो. तुकडे नाहीत, म्हणून घोटाळे नाहीत. दस्तऐवज पूर्ण असणं हीच त्याची इभ्रत!"

इभ्रत म्हणे! मागच्या रांगेतल्या काकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या वर्गशिक्षिका ल्याओ बाई तर मान डोलावून डोलावून थकल्या.

"म्हणजे सदऱ्याचं बटण तुटलं की नवराच बदलायचा," हान-यिंग माझ्या कानात म्हणाली, आणि मला हसू दाबता दाबता ठसका लागला.

बाबांना इभ्रतीचं भारी वेड. मी मुलींच्या त्या नामांकित विद्यालयात जावं ही त्यांची इच्छा, कारण नाव सांगितलं की शेजारी गप्प होतात. मला हवी होती औद्योगिक विद्यालयाची संगणक शाखा. जेवणाच्या टेबलावर बरीच भांडणं झाली, शेवटी आईनं माझी बाजू घेतली आणि बाबांनी तोंड वाकडं करून 'कर काय करायचं ते' म्हटलं. सभेच्याच दिवशी दुपारी, शाळेत जेवणानंतर सगळा वर्ग बाकांवर डोकी टेकून झोपलेला असताना, बाबांच्या इच्छेनं आधी भरलेली पसंती मी बदलून पाठवली होती. पहिली, संगणक शाखा. मग उठून ऐटीत सभागृहात गेले होते.

संध्याकाळी आई मांसाच्या गोळ्यांचं सूप वाढत होती. मी सहज मोबाइलवर पाहिलं. पहिली पसंती, मुलींचं विद्यालय.

"बाबा! तुम्ही माझी पसंती बदललीत?"

"मी? छे! मी फक्त पालकांच्या पानावर माझा नवा फोन नंबर टाकला. शप्पथ."

"पान उघडलं कधी होतं?"

"सकाळी, ऑफिसात. पाठवलं कार्यक्रम संपल्यावर." चमचा त्यांच्या तोंडाजवळच थांबला. कळलं त्यांना.

म्हणजे काय, तर सकाळची मी अख्खीच्या अख्खी त्या पानात बसून होते. बाबांनी नंबर टाकला, बटण दाबलं, आणि सकाळची मी जाऊन दुपारच्या माझ्या उरावर बसले. पलीकडच्या महान यंत्रणेनं साधं विचारलंही नाही, की बाई, तू नवी का जुनी?

"यंत्रणेत दोष नाही," बाबा म्हणाले. "दस्तऐवज पूर्ण पोचला ना?"

"पोचला की," आई म्हणाली. "लेक तेवढी जुनी आली."

"आणखी कितीजणांचं असं झालं असेल, बाबा?"

"एकही तक्रार नाही."

"तक्रार करायला आधी कळायला नको? ल्याओ बाई येता-जाता आमचे पत्ते दुरुस्त करतात. दर वेळी अख्खा वर्ग पाठवत असतील!"

बाबांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता तरी 'चुकलं' म्हणतील. पण त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "रुई-अन, हे बघ. आता ते नाव आपोआप बसलंच आहे, तर राहू दे ना. कुणी मुद्दाम केलेलं नाही. विद्यालय चांगलं आहे."

म्हणजे भांडणात जे जमलं नाही, ते यंत्रणेच्या वेंधळेपणावर ढकलून पदरात पाडून घ्यायचं! इतकी वर्षं मी या माणसाला हुशार समजत होते. माझं सूप निवत होतं, पण मी उभी राहिले.

"आई, बाबा, दोघंही ऐका. मी आत्ता, तुमच्या समोर, नवं पान उघडून पसंती पुन्हा पाठवतेय. उद्या दुपारी मुदत संपेपर्यंत तुमच्यापैकी कुणीही माझं पान उघडायचं नाही. ल्याओ बाईंनाही मी सकाळी जाऊन तेच सांगणार. आपोआप बसलेल्या शाळेत मी जाणार नाही. मी संगणक शाखेलाच जाणार, ठरलं."